पाणी इला काय?

पहाटे साडेचार-पावणेपाचला आमच्या चाळीत सगळ्यात आधी ऐकू येतो तो आत्याचा आवाज. "पाणी इला काय गो?" समोरच्या खोलीतली वहिनी आतूनच म्हणते, "नाय अजून." मग आत्या दार लोटून बाहेर येते, ओट्यावर बसते आणि नळाकडे कान देते. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो, फुस्स करून. तो आवाज आला की तीन-चार मिनिटांत धार सुरू होते. आज प्रेशर कसं असेल, वरच्या आळीपर्यंत पाणी चढेल की नाही, हे ती त्या फुसफुशीवरून सांगते. तिचं चुकलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

२००७ ते २०१२ ही पाच वर्षं माझी आत्या मुंबई महापालिकेत नगरसेविका होती. त्याआधीची एकवीस वर्षं ती बालवाडीची बाई होती. २०१२ नंतर आजतागायत ती काय आहे, त्याला नीट शब्द सापडत नाही. 'माजी' म्हणावं, तर अजूनही सकाळी तिच्या दारात दोघंतिघं उभे असतात. तिचं हे सगळं मी जवळून पाहिलं, बरंचसं माझ्या हातानं लिहिलंही, म्हणून आज मांडतो आहे. नगरसेवक या माणसाविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, तो किती खातो. दुसरी, तो पुढं आमदार होणार का. या दोन्हींच्या मधोमध जे काम असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आम्ही भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला राहतो. वैतरणेच्या खोऱ्यातलं पाणी शुद्ध होण्यासाठी येतं ते भांडुपलाच. १९७९ पासून इथं जलशुद्धीकरण संकुल आहे आणि आशियातल्या मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. अर्धी मुंबई जे पाणी पिते, ते आमच्या शेजारून जातं. पण पाणी डोंगर आपणहून चढत नाही. खालच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या टाक्या भरल्या, की उरलेला जोर घेऊन ते वर येतं. शेवटच्या आळीत पोचेपर्यंत कधी बोटाएवढी धार, कधी करंगळीएवढी. म्हणून इथं राजकारणाचा पहिला धडा पाण्याचा असतो, आणि तो बायका शिकतात, कारण हंडे त्यांच्या डोक्यावर असतात.

२००६ च्या शेवटी सोडत निघाली आणि आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. तेव्हा महापालिकेत बायकांना एक तृतीयांश जागा होत्या. अर्ध्या झाल्या त्या २०१२ च्या निवडणुकीपासून. प्रभाग राखीव झाला की काय होतं, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. ज्यांनी पाच वर्षं तयारी केलेली असते ते घरी जातात आणि बायकोच्या नावानं बायोडेटा करून आणतात. आमच्या इथंही तसे चार-पाच बायोडेटा गेले होते. पण आत्यानं एकवीस वर्षांत वस्तीतली निम्मी पोरं अ-आ-ई शिकवली होती. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाच्या मुलीचं कुठं ठरतंय, सगळं तिला ठाऊक. पक्षाच्या शाखेतल्या वडीलधाऱ्यांनी तिचं नाव पुढं केलं. त्यात थोडा हिशेबही होता. बाई सरळ आहे, सह्या करील, बाकी कारभार आपण बघू. आत्याला तो हिशेब कळला होता. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, हातात घेताना ती एवढंच म्हणाली, "सही मी करीन. पण वाचून करीन."

निवडून आल्यावर पहिल्यांदा सभागृहात जायचं होतं, त्या दिवशी मी तिच्याबरोबर लोकलनं सीएसटीला गेलो. १८९३ साली पूर्ण झालेली महापालिकेची ती इमारत मी तोवर फक्त स्टेशनातून बाहेर पडताना बघितली होती. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. आत्यानं चपला काढून पुतळ्याला नमस्कार केला. मी म्हटलं, "आत्या, हा देव नाय." ती म्हणाली, "बालवाडीत येणाऱ्या पोराला मी दाराला पाया पडायला लावायचे. आज मीच नवीन."

त्या इमारतीत आत गेल्यावर मात्र तिला जे पहिल्यांदा कळलं, ते फार कमी मतदारांना ठाऊक असतं. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, आणि त्या कायद्यानं अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे दिलेले आहेत. आयुक्त राज्य सरकारनं नेमलेला अधिकारी. नगरसेवक प्रश्न विचारू शकतो, हरकतीचा मुद्दा मांडू शकतो, ठरावाची सूचना देऊ शकतो, अर्थसंकल्पावर बोलू शकतो, मत देऊ शकतो. पण गटारावरचं एक झाकण बदला, असा हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही. महापौरांनाही नाही. १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांच्या मंडळाकडे कारभार देणारी पद्धत, आणून हे बदलायचा प्रयत्न झाला होता. तो पुरतं दीड वर्षही टिकला नाही.

एकीकडे हे. दुसरीकडे लोकांची समजूत अशी, की निवडून आलेला माणूस म्हणजे महापालिकाच. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाखांच्या पुढं गेली होती. तिला २२७ नगरसेवकांनी भागलं, तर एकेकाच्या वाट्याला पंचावन्न हजार माणसं येतात. कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्याही एवढी नसते. राज्यातल्या इतर बहुतेक महापालिकांत एका प्रभागात तीन-चार जण निवडून येतात. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक. बोट दाखवायला दुसरा कुणी नाही. मला ही पद्धत आवडते. लोकांना चेहरा ठाऊक असतो, आणि त्या चेहऱ्याला पहाटे साडेचारला उठवता येतं.

आत्याचं जनसंपर्क कार्यालय म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिथं मी कॉलेज सुटल्यावर बसायचो. प्लास्टिकचं टेबल, शिक्का, लेटरहेडचा गठ्ठा आणि एक लांबलचक वही. वहीत तारीख, नाव, काम, कुणाला पत्र दिलं, आवक क्रमांक आणि शेवटी "झालं का" असा रकाना. हा शेवटचा रकाना आत्यानं स्वतः पट्टीनं आखला होता. लोक यायचे ते शाळेच्या प्रवेशासाठी, रहिवासी दाखल्यासाठी, रुग्णालयात खाट मिळावी म्हणून, नळाला गढूळ पाणी येतं म्हणून, सासू-सुनेचं भांडण मिटवायला. घरावर वाकलेली फांदी छाटायची परवानगी हवी असायची. कुणाचं तरी निधन झालेलं असायचं आणि रात्री दीड वाजता स्मशानभूमीत लाकडं आहेत का, हे विचारायला मुलगा दारात उभा असायचा.

पत्र लिहिण्याचं तिचं शास्त्र होतं. एका पत्रात एकच तक्रार. "आमच्या विभागात अस्वच्छता आहे" असं लिहिलं, की ती कागद फाडायची. कुठल्या चाळीच्या कुठल्या टोकाला, कुठल्या खांबाजवळ, किती दिवसांपासून, हे सगळं पाहिजे. "मोघम लिहिलंस तर मोघम उत्तर येतं रे झिला," ती म्हणायची. आणि विभाग कार्यालयात पत्र देऊन आवक क्रमांक घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. मी आज ज्या नोकरीत आहे, तिथं माझ्या लिखाणाचं कौतुक होतं. ते सगळं त्या प्लास्टिकच्या टेबलावर शिकलेलं आहे.

माणसांचंही तसंच. परिरक्षण खात्याचा दुय्यम अभियंता, सफाईचा मुकादम, पाण्याच्या पाइपांच्या चाव्या (व्हॉल्व्ह) उघडणारा-बंद करणारा चावीवाला, कीटकनाशकचा कामगार, यांची नावं तिला पाठ होती, आणि त्यांच्या घरी काय चाललंय तेही. साहेबांकडे ती क्वचित जायची. "साहेब बदलून जातो. मुकादम इथंच असतो."

आता कड्यांची गोष्ट. वरच्या आळीला एक सार्वजनिक शौचालय होतं, बायकांच्या बाजूला आठ शौचकूप. त्यातल्या पाच दारांना आतून कडी नव्हती. बायका दोघीदोघी जायच्या, एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. रात्री दिवा नसायचा. आत्यानं पत्र दिलं, पाठपुरावा केला, दुरुस्तीचं काम मंजूर व्हायला वेळ लागणार होता. ती बाजारात गेली, हार्डवेअरच्या दुकानातून डझनभर कड्या आणि स्क्रू घेतले, आमच्या चाळीतल्या सुताराला घेऊन वर गेली आणि संध्याकाळपर्यंत पाचही दारांना कड्या लागल्या. दोन महिन्यांत त्यातल्या तीन कुणीतरी उचकटून नेल्या. तिनं पुन्हा लावल्या. पुढची पाच वर्षं तिच्या पर्समध्ये पाकीट, शिक्का, रुमाल आणि दोन कड्या कायम असायच्या. सभागृहात जातानासुद्धा. सुरक्षारक्षकानं एकदा पर्स तपासताना विचारलं होतं, "हे काय बाई?" तिनं सांगितलं, आणि पुढं त्या रक्षकानं कधी पर्स उघडायला लावली नाही.

तेव्हा मानधन होतं दहा हजार रुपये. पंचवीस हजार झालं ते २०१७ मध्ये. कार्यालयाचं भाडं, फोन, चहा, लग्नांचे आहेर, अंत्यविधीला लागणारे हजार-दोन हजार, गणपतीच्या वर्गण्या. दहा हजार कुठल्या कुठं जायचे. मग उरलेलं कुठून येतं, हा प्रश्न लोकांनी विचारलाच पाहिजे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी वाईट आहे. कामाच्या अंदाजपत्रकात कुणाचा किती टक्का हे बोलणं आमच्या खोलीच्या दारापर्यंतही आलं होतं. दिवाळीला एक कंत्राटदार मिठाईचा डबा घेऊन आला. डब्याला मिठाईपेक्षा जास्त वजन होतं. आत्यानं तो उघडलासुद्धा नाही, माझ्या हातात दिला आणि त्यांच्या गाडीपर्यंत पोचवायला सांगितलं. आत्याचे यजमान गिरणीत होते, संपानंतर घरी बसलेले. भाजी-डाळ माझे बाबा भरायचे. बहिणीनं नीट राहावं म्हणून भावानं पाच वर्षं किराणा भरला, असं ते राजकारण होतं. प्रत्येकाला असा भाऊ नसतो. म्हणून मला वाटतं, नगरसेवकाला नीट पगार द्यावा आणि मग त्याच्याकडून पैशापैशाचा हिशेब मागावा. दहा हजारांत पंचावन्न हजार माणसं सांभाळ म्हणायचं आणि वर प्रामाणिक राहा म्हणायचं, हे आपण मतदारांनी स्वतःला सोपं करून घेतलेलं आहे.

आत्या सगळीकडे बरोबर वागली असं मी लिहिणार नाही. पहिल्या वर्षी नगरसेवक निधीतून लादीकरण झालं ते आमच्याच आळीचं. वरच्या आळीतल्या बायका चिखलातून हंडे आणत होत्या आणि आमच्या दारात चकचकीत लाद्या. एका म्हातारीनं तिला भर रस्त्यात सुनावलं, "बाय, आधी आपला घर सारवलंस." आत्या काही बोलली नाही. पुढच्या वर्षीचा सगळा निधी तिनं वर लावला.

आणि दुसरी गोष्ट मोठी. एका खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेल्या भूखंडाचा काही भाग दुसऱ्या वापराला देण्याचा प्रस्ताव सुधार समितीतून सभागृहात आला. पक्षादेश निघाला होता. प्रस्तावामागून प्रस्ताव भराभर जात होते, मंजूर, मंजूर, मंजूर. आत्यानं तो कागद आदल्या रात्री वाचला होता. तिला कळलं होतं. तरी तिनं हात वर केला. त्या रात्री ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वाचून सही करीन म्हटलं होतं. वाचून पण चूकच केली." त्या भागातल्या पोरांना आज खेळायला रस्ता आहे. तिला तिकडून जायची वेळ आली की ती रिक्षा लांबून वळवायला सांगते. हे लिहायची परवानगी तिनं मला दिली आहे. उलट म्हणाली, कड्यांचं लिहिणार असशील तर हे आधी लिही.

चावीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २००९ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला नव्हता, पाणीकपातही आमच्याकडे नव्हती, तरी वरच्या दोन आळ्यांचं पाणी एकाएकी अर्ध्यावर आलं. बायका मोर्चाच्या तयारीत. आत्या पंधरा दिवस रोज पहाटे घड्याळ आणि वही घेऊन चावीवाल्यामागून फिरली. कुठली चावी किती वाजता उघडली, किती आटे फिरवले, कुठल्या नळाला किती मिनिटांनी पाणी आलं, सगळं लिहिलं. चावीवाला आपलं काम नीट करत होता. मग पाणी जातं कुठं?

शेवटी ती वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या प्लंबरकडे गेली. ते अंथरुणावर होते. त्यांनी छताकडे बघत, बोटानं हवेत रेघा मारत पाइप कुठून कुठं जातो ते सांगितलं, आणि म्हणाले, पिंपळाच्या वळणावर एक मधली चावी होती. ती अर्धी बंद राहिली असेल. आता ती दिसत नाही म्हणजे रस्त्याखाली गेली. आदल्या डिसेंबरात रस्त्यावर नवीन डांबर पडलं होतं. डांबर टाकणाऱ्यांनी चावीच्या झाकणावरूनच रोलर फिरवला होता. पिंपळापासून किती अंतर, हे त्यांना पावलात आठवत होतं. अकरा पावलं. त्यांची पावलं की आत्याची? त्यांच्या सुनेनं सांगितलं, मामंजी बुटके आहेत, बाईंच्या साडेनऊ धरा.

परवानगी घेऊन, कामगार आणून, साडेनऊ पावलांवर पहार मारली. पहिल्यांदा नुसती खडी लागली. एक हात डावीकडे सरकून मारली आणि टण्ण आवाज आला. डांबर सोलून काढल्यावर खाली झाकण, झाकणाखाली मातीनं भरलेला खड्डा, खड्ड्यात गंजलेली चावी. चावीवाल्यानं दांडा लावून आटे फिरवले. कुठं काही आवाज नाही, हालचाल नाही. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. आणि मग वरून, चार-पाच मिनिटांनी, एका बाईची हाक आली. शब्द कळले नाहीत. पण ती कशासाठी ओरडते आहे, ते सगळ्यांना कळलं.

त्या बातमीचा फोटो कुठं आला नाही. उद्घाटन करण्यासारखं काही नव्हतंच. आत्यानं एक केलं. चुन्यानं पिंपळाच्या पारावर बाण काढला आणि खाली फूट लिहिले. मग वस्तीतल्या प्रत्येक चावीसमोरच्या भिंतीवर तसाच बाण. एकोणीस बाण झाले.

२०११ मध्ये पुढच्या निवडणुकीची सोडत निघाली आणि आमचा प्रभाग इतर मागासवर्गासाठी राखीव झाला. आम्ही त्या प्रवर्गातले नाही. विषय संपला. आत्या तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती, पाच वर्षांत कुठं काय आहे ते नुकतं हाताला लागलं होतं. मला फार राग आला होता. तिला नव्हता. "सोडतीनं आणलं, सोडतीनं नेलं. मी आले तेव्हा तुला राग आला नव्हता," ती म्हणाली.

त्यावर मी अजून विचार करतो. राखीव जागा नसती तर बालवाडीच्या बाईला कुणीही सभागृहाच्या दारात उभं केलं नसतं, हे शंभर टक्के खरं. आज २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या आहेत, त्या फिरत्या असल्यामुळेच प्रत्येक वस्तीला कधी ना कधी संधी मिळते. आणि तरीही पाच वर्षांत माणसानं जे कमावलेलं असतं, ते पुढच्याला देण्याची काही रीतच आपण ठेवलेली नाही. तलाठी बदलला तर दप्तर राहतं. नगरसेवक बदलला की पाटी उतरते, खोलीला कुलूप लागतं, वही घरच्या माळ्यावर जाते. दोष आरक्षणाचा नाही. पक्षांनी प्रभागाला जागा मानलं, काम मानलं नाही, हा दोष आहे. चांगलं काम केलेल्या बाईला शेजारच्या प्रभागातून उभं करणं, समितीत घेणं, नव्या माणसाबरोबर सहा महिने बसवणं, यातलं काहीही करता आलं असतं. २०१७ ला प्रभागांची फेररचना झाली, आमची वस्ती दोन तुकड्यांत गेली. एका तुकड्यात जागा पुन्हा महिलांची होती. तिकीट दुसरीकडे गेलं. आत्यानं तिथंही घरोघर जाऊन प्रचार केला.

नगरसेवकपद ही वरची पायरी चढायची शिडी, असं सगळे मानतात. त्याला आधारही आहे. मनोहर जोशी १९६८ मध्ये नगरसेवक झाले, पुढं महापौर, १९९५ ला मुख्यमंत्री आणि नंतर लोकसभेचे अध्यक्ष. छगन भुजबळांची सुरुवातही नगरसेवक म्हणूनच, तेही महापौर झाले. मोठी माणसं घडवणारी शाळा आहे ती. पण आमच्या घरात या दोघांपेक्षा जास्त नाव निघायचं ते मृणालताई गोरेंचं. १९६१ मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेत गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या लढल्या, की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' केलं. पुढं त्या विधानसभेत गेल्या, १९७७ ला लोकसभेत गेल्या. त्याच वर्षी मुंबईतूनच अहिल्याताई रांगणेकरही खासदार झाल्या, त्याही आधी महापालिकेत होत्या. मृणालताई जिंकल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा घोषणा झाली, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." आत्या त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. तिनं ही घोषणा मला अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी पुढं हे जोडलं आहे, की दिल्लीला जाऊनही लोकांनी नाव ठेवलं ते नळाचंच.

मला यातून जे वाटतं ते असं, की नगरसेवकपण हे आयुष्यभर करण्याजोगं काम आहे. डॉक्टर जसा तीस वर्षं एका वस्तीत दवाखाना चालवतो आणि तीन पिढ्यांच्या नाड्या ओळखतो, तसं. त्याला वर कुठं चढायची गरज नाही.

हे पटायला मुंबईला रिकामी खुर्ची बघावी लागली. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका एकाही लोकप्रतिनिधीशिवाय चालली. प्रशासक होते, अधिकारी होते, ॲप होतं, हेल्पलाइन होती. २०२५-२६ चा चौऱ्याहत्तर हजार कोटींवरचा अर्थसंकल्प सभागृहात एका शब्दाचीही चर्चा न होता आला. कामं झाली नाहीत असं नाही. पण तक्रार नोंदवल्यावर मोबाइलवर "निराकरण करण्यात आले आहे" असा संदेश यायचा आणि समोर गटार तसंच वाहत असायचं, तेव्हा कुणाला हाक मारायची, हे लोकांना कळेना. त्या चार वर्षांत आत्याच्या दारातली गर्दी २००८ सारखी झाली. ती माझ्याकडे वही मागायची. लेटरहेड नव्हतं, शिक्का नव्हता. साध्या कागदावर स्वतःचं नाव, पत्ता, खाली सही. एका पत्रात एकच तक्रार. मुकादम तेव्हाचे निवृत्त झालेले, पण त्यांच्यातल्या एकाचा मुलगा आता त्याच खात्यात आहे. आत्यानं त्याला बालवाडीत शिकवलेलं आहे.

जानेवारीत मत देऊन आली तेव्हा शाईचं बोट तिनं बराच वेळ पदराला पुसलं नाही. नवीन नगरसेविका निवडून आल्यावर भेटायला आल्या. तिशीतली मुलगी, वकिली शिकलेली. पक्ष वेगळा. आत्यानं ओटी भरली, चहा केला, माळ्यावरच्या वह्या काढून दाखवल्या. त्या दोन घेऊन गेल्या आहेत, वाचून परत आणून देते म्हणाल्या.

मार्चमध्ये आमच्या खालच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण सुरू झालं. डांबराला पहार तरी लागते, काँक्रीटखाली चावी गेली की ती गेलीच. पहिल्या दिवशी यंत्र उभं राहिलं त्या संध्याकाळी आत्या पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन निघाली. चुन्याचे बाण कधीच धुऊन गेले होते. गुडघे दुखतात, म्हणून टेप धरायला मी. पिंपळ आता नाही, तिथं एक विजेचा डबा आहे; तिनं त्याच्यापासून मोजलं. एकेक बाण, खाली फूट आणि इंच.

कंत्राटदाराचा तरुण इंजिनीअर हेल्मेट काखेत धरून जवळ आला. विदर्भाकडचा असावा बोलण्यावरून. "आजी, तुम्ही कोण? महापालिकेच्या का?"

"मी इथं पाणी भरते," आत्या म्हणाली.

त्यानं मोबाइल काढून बाणांचे फोटो घेतले, मग थांबून डायरीत आकडे लिहून घेतले. मोजले तर अठरा झाले.

"बस ना, झाले सगळे?"

"एक ऱ्हवली," आत्या म्हणाली आणि मग त्याला कळावं म्हणून पुन्हा नीट, "एक राहिली. दत्ताच्या देवळाची नवीन पायरी बांधली, त्याच्यात कुठंतरी गेली. गेली तीन वर्षं मला सापडत नाही."

त्यानं डायरी खिशात ठेवली. "चला, बघू," म्हणाला. आत्यानं ब्रश माझ्या हातात दिला आणि ती त्याच्या पुढं चालू लागली, देवळाच्या दिशेनं, पावलं मोजत.